नकुलमातेचे आश्वासन आणि नोकरी करणारी आई



बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाला लोकांच्या घरच्या गोष्टी न विचारताच कळतात. काही दिवसांपूर्वी आपल्याच समाजातील एक तरुण भगिनी पासबुक भरून घ्यायला आली. खाजगी शाळेत शिक्षिका, पगार नऊ हजार, घरी तीन वर्षांचे मूल. पासबुक परत घेताना हळूच म्हणाली, "ताई, नोकरी सोडून द्यावी म्हणते." का, असे विचारल्यावर म्हणाली, "सासूबाई म्हणतात, नऊ हजारासाठी लेकरू दुसऱ्याच्या दारात टाकून जाते. शेजारचे म्हणतात, नवऱ्याच्या पगारात भागत नाही का हिचं? आणि येण्याजाण्याचा, लेकराला सांभाळण्याचा खर्च काढला तर हाती उरते काय?"

तिच्या मागे रांग होती. मी दोन शब्द बोलले आणि पुढचे पासबुक हाती घेतले. जे त्या दिवशी सांगायचे राहून गेले तेच या लेखात लिहीत आहे. तिच्या बोलण्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले होते. एक लोकांच्या बोलण्याचा आणि दुसरा हिशेबाचा. माझ्या मते दुसरा नीट सोडवल्याशिवाय पहिला सुटत नाही.

आई आणि काम

"बाईमाणूस कामाला जाते" हे जणू नवीनच आक्रीत आहे असे आज काही लोक बोलतात. परंतु आपल्या भंडारा जिल्ह्यात आपली कोणती आजी, कोणती आई घरी बसून होती? पावसाळा लागला की पऱ्हे खणायला, रोवणीला दिवसभर वाकून चिखलात उभी राहणारी बाईच होती. मे महिन्यात तेंदूपाने तोडायला पहाटे रानात जाणारी बाईच होती. आणि वर्षाचे बाराही महिने विडी वळणारीही बाईच होती.

माझी आई विडी वळत असे. रात्री पाने ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, सकाळी पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायची, तंबाखू भरून वळायची, धागा बांधायचा आणि पंचवीस-पंचवीसचे कट्टे लावायचे. सायंकाळी सूप डोक्यावर घेऊन सट्टेदाराकडे. तो मोजून घेई आणि छाट बाजूला काढी. छाटीचे पैसे मिळत नसत आणि छाट परतही मिळत नसे. आईला अक्षरओळख नव्हती. चुलीमागच्या भिंतीवर ती कोळशाने रेघा ओढत असे. उभी रेघ म्हणजे शंभर विड्या आणि आडवी रेघ म्हणजे छाट. हप्त्याच्या दिवशी त्या रेघा मनात धरून ती सट्टेदाराच्या वहीशी ताडून पाहत असे. आमच्या घरातील पहिला जमाखर्च तो. त्याला वही नव्हती, एवढेच.

आम्ही भावंडे त्या तंबाखूच्या धुळीत, बारदान्यावर झोपून मोठी झालो. शिंका यायच्या, खोकला यायचा. पण "बाई कामाला लागली, आता पोरायले कोण पाह्यते?" असे तेव्हा आमच्या आईला कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. रोवणीला जाणाऱ्या बाईच्या पाठीशी तान्हे मूल बांधाच्या झाडाखाली झोळीत असायचे, त्याबद्दलही कोणी बोलत नसे. मग हाच प्रश्न पर्स खांद्याला लावून एस.टी. पकडणाऱ्या तिच्या मुलीला का विचारला जातो?

मला वाटते, लेकराची काळजी हे अर्धेच कारण आहे. विडीचा पैसा घरातल्या घरात येई आणि कित्येक घरी तो सट्टेदाराकडून पुरुषच उचलून आणीत. रोवणीची मजुरी हंगामापुरती. पगार मात्र दर महिन्याला बाईच्या नावाने येतो. ती ठरलेल्या वेळी घराबाहेर पडते, चार परक्या माणसांत वावरते. ही गोष्ट डोळ्यांत खुपते आणि ती उघड सांगता येत नाही म्हणून लेकराचे नाव पुढे केले जाते. सगळेच तसे करतात असे नव्हे. खरोखर काळजीपोटी बोलणारेही असतात, त्यांच्याविषयी पुढे येईल.

परमपूज्य बाबासाहेबांना काम करणारी आई ही लाजेची बाब कधी वाटली नाही, ती कायदा करण्याची बाब वाटली. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना त्यांनी बाळंतपणाच्या आधी आणि नंतर कामगार स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून त्याच्या खर्चाचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, अशी भूमिका मांडली. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. पुढे संपूर्ण देशासाठी १९६१ चा कायदा आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवडे झाली. पन्नास किंवा अधिक कामगार असतील तेथे पाळणाघराची तरतूदही त्याच दुरुस्तीने आली.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. बाबासाहेबांनी तेथे मार्गदर्शन केले हे सर्वांना ठाऊक असते, परंतु तेथील ठराव फारसे वाचले जात नाहीत. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे यांत काम करणाऱ्या स्त्रियांना वर्षाची पगारी रजा, दुखापतीची भरपाई आणि म्हातारपणी पेन्शन मिळावी अशी मागणी त्या परिषदेने केली. स्त्रियांनी घरी बसावे असा ठराव तेथे झाला नाही. विडी कामगारांसाठी १९६६ साली स्वतंत्र कायदा झाला तेव्हा घरी बसून विडी वळणाऱ्या बाईलाही 'कामगार' हे नाव मिळाले.

माता रमाईंचे उदाहरण आपण नेहमी देतो. बाबासाहेब परदेशात शिकत असताना त्यांनी गोवऱ्या थापून, काटकसर करून संसार चालवला हे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. पण नोकरी करणाऱ्या सुनेला "रमाईसारखी हो" म्हणणारे पुष्कळदा विसरतात की, रमाई ही कष्ट करून घर चालवणारी आई होती. त्या नावाचा उपयोग कोणाला घरी बसवण्यासाठी करू नये.

नकुलमाता

आता त्रिपिटकातील एक प्रसंग. अंगुत्तर निकायात तो आला आहे. भग्ग देशात सुंसुमारगिरी येथे नकुलपिता आणि नकुलमाता हे उपासक दांपत्य राहत असे. एकदा नकुलपिता फार आजारी पडला. जगतो की मरतो अशी स्थिती. त्याच्या मनात काय चालले आहे हे नकुलमातेने ओळखले. ती त्याच्या उशाशी बसून म्हणाली की, आपण मनात चिंता ठेवून देह ठेवू नका. माझ्या माघारी ही मुलांचे पोषण करू शकणार नाही, घर चालवू शकणार नाही, असे आपल्याला वाटत असेल. पण मी सूत कातण्यात आणि लोकर पिंजण्यात कुशल आहे. मी मुलांना पोसीन, घर सांभाळीन.

त्यानंतर तिने आणखी पाच आश्वासने दिली. दुसरे घर करणार नाही, तथागतांच्या व संघाच्या दर्शनाची ओढ कमी होणार नाही, शील पाळीन, चित्त शांत ठेवीन आणि धम्मात माझे पाऊल स्थिर आहे. हे ऐकून नकुलपित्याचा आजार उतरला. काठी टेकत तो भगवंतांच्या दर्शनाला गेला. तेव्हा तथागतांनी, तुला नकुलमातेसारखी हित चिंतणारी आणि उपदेश करणारी पत्नी लाभली हे तुझे मोठे भाग्य होय, असे त्याला सांगितले.

विद्यार्थ्यांनी येथे आश्वासनांचा क्रम पाहावा. सहांपैकी पहिले आश्वासन शीलाचे नाही, समाधीचेही नाही. ते मुलांच्या पोटाचे आणि आईच्या हातातील कौशल्याचे आहे. मरणाच्या दारात असलेल्या माणसाला आधी कशाची चिंता असते हे तिला माहीत होते. दुसरे असे की, हे कौशल्य ती नवरा आजारी पडल्यावर शिकली नाही. ते तिच्यापाशी आधीपासून होते आणि घराचा कारभार तिला ठाऊक होता, म्हणूनच तिच्या शब्दाला वजन आले. पत्नी कमावू शकते यामुळे नकुलपित्याचा मान गेला नाही. उलट त्याच्या जिवाला आधार मिळाला.

बँकेत मी याच्या उलट चित्र पाहते. पतीच्या निधनानंतर महिनाभराने एखादी भगिनी येते. हातात पिशवी, पिशवीत दहा कागद. कोणत्या बँकेत किती आहे, विमा आहे की नाही, कर्ज कोणाचे, काहीच ठाऊक नाही. तिला कोणी सांगितलेले नसते आणि तिने विचारलेले नसते. विचारले तर "तुला काय करायचे आहे?" असे उत्तर मिळत असे. सिगालोवाद सुत्तात पतीने पत्नीसाठी करावयाच्या पाच गोष्टींत घराचा अधिकार तिच्याकडे सोपवणे ही एक गोष्ट सांगितली आहे, आणि पत्नीच्या कर्तव्यांत मिळवलेल्या धनाचे रक्षण सांगितले आहे. जे धन किती आहे आणि कोठे आहे हेच माहीत नाही, त्याचे रक्षण ती करणार कशी?

लोक बोलतात तेव्हा

राजगृहात एक भारद्वाज ब्राह्मण तथागतांना शिव्या देत आला. तथागतांनी त्याला विचारले, तुझ्या घरी पाहुणे येतात का? त्यांना तू जेवण वाढतोस का? त्यांनी ते घेतले नाही तर ते कोणाचे होते? ब्राह्मण म्हणाला, माझेच. तथागत म्हणाले, तसेच या शिव्यांचे. मी त्या घेतल्या नाहीत, त्या तुझ्यापाशीच राहिल्या.

हे उदाहरण पुष्कळदा सांगितले जाते आणि ते खरेच आहे. परंतु तेवढ्यावर थांबले तर ऐकून घेणे हेच बाईचे काम होऊन बसते. ब्रह्मजाल सुत्तात तथागतांनी भिक्खूंना आणखी एक गोष्ट सांगितली आहे. कोणी निंदा केली तर चिडू नका, कारण चिडलेल्या माणसाला बोलणे खरे की खोटे हे कळत नाही. जे खोटे असेल ते खोटे आहे असे स्पष्ट सांगा. म्हणजे आधी तपासायचे आणि मग बोलायचे.

याचा अनुभव मी घेतला आहे. माझी मुलगी तिसरीत असताना शेजारच्या मावशी मला म्हणाल्या, "बाई, तुझी पोर शाळेतून येऊन कुलूप पाहत ओट्यावर बसते, तुला बँक महत्त्वाची." मला राग आला. दोन दिवस मी बोलले नाही. मग मुलीला विचारले तर गोष्ट खरी निघाली. शाळा अर्धा तास आधी सुटू लागली होती आणि ते मला ठाऊकच नव्हते. "बँक महत्त्वाची" हा टोमणा मी घेतला नाही, परंतु ओट्यावर बसलेली पोर ही माहिती घेतली. घराची एक किल्ली मावशींकडेच दिली. पुढे चार वर्षे माझ्या मुलीने दुपारचे जेवण त्यांच्या घरी केले. टोमणा त्यांनी नंतरही सोडला नाही, हेही सांगायला हवे.

नऊ हजाराचा हिशेब

आता त्या शिक्षिका भगिनीच्या प्रश्नाकडे येऊ. तिचा हिशेब असा होता. पगार ९,००० रुपये. एस.टी. ७०० रुपये (१७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट सुरू झाले, म्हणून इतके कमी). मूल सांभाळणाऱ्या बाईला २,५०० रुपये. कपडे, डबा, किरकोळ ८०० रुपये. खर्च एकूण ४,००० आणि हाती उरतात ५,०००.

या हिशेबात एक चूक आहे आणि ती गणिताची नाही. मूल दोघांचे आहे, मग ते सांभाळण्याचे २,५०० रुपये एकट्या आईच्या पगारातून का वजा करायचे? पतीचा पगार १८,००० आहे. तो कामावर जातो तेव्हाही मूल कोणीतरी सांभाळावेच लागते. निम्मा खर्च जरी त्याच्या बाजूला धरला तरी तिच्याकडे ५,००० नव्हे, ६,२५० उरतात. हा प्रश्न केवळ हजार-बाराशे रुपयांचा नाही. "तुझी नोकरी परवडत नाही" हे वाक्य ज्या वजाबाकीवर उभे आहे ती वजाबाकीच एकतर्फी आहे. आणि तिचाच आकडा धरला तरी वर्षाचे ६०,००० रुपये होतात. मूल दोन वर्षांनी शाळेत जाईल, तेव्हा सांभाळण्याचा खर्च कमी होईल. पण मधे सोडलेली नोकरी दोन वर्षांनी त्याच पगारावर परत मिळेलच असे नाही.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. पुष्कळ घरी थोडीफार धानाची बांधी असते. त्या घरात पैसा येतो तो धान चुरल्यावर, केंद्रावर विकल्यावर. जूनमध्ये बियाणे, खत, रोवणीची मजुरी आणि त्याच वेळी शाळेची पुस्तके, वह्या, गणवेश. जून ते नोव्हेंबर हे सहा महिने ज्या घरात कोणाचा तरी बांधलेला पगार येतो ते घर उधारीवर जात नाही. सुनेचे नऊ हजार या सहा महिन्यांत सावकाराला दूर ठेवतात. हे उत्पन्न म्हणून कोणी लिहीत नाही, कारण न घेतलेल्या कर्जाचे व्याज कोणत्याच वहीत दिसत नाही.

सिगालोवाद सुत्तात उत्पन्नाचे चार भाग सांगितले आहेत. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यात आणि चौथा भाग अडचणीच्या दिवसांसाठी. पगारदार माणूस म्हणेल की, आमचा कुठे धंदा आहे? माझ्या समजुतीप्रमाणे बसभाडे, मुलाला सांभाळण्याचा खर्च, मुलांचे शिक्षण, स्वतःचे पुढचे शिक्षण हे सर्व त्या दोन भागांत येते. तो खर्च वाया गेलेला नसतो, तो कमाईसाठी पेरलेला असतो. चौथा भाग मात्र २७,००० च्या घरात ६,७५० होतो आणि तेवढे बाजूला पडत नाहीत हे मला ठाऊक आहे. तरी दहावा हिस्सा, म्हणजे २,७०० रुपये, पगार झाल्या दिवशी आवर्ती ठेवीत टाकावे. महिनाअखेर उरेल ते टाकू म्हणणाऱ्यांचे काही उरत नाही, हे मी रोज पाहते. दीघजाणू कोलियाला तथागतांनी तराजू धरणाऱ्या माणसाचा दाखला दिला होता. कोणते पारडे किती झुकले हे त्याला दिसत असते. आपण धानाच्या काट्यावर डोळे लावून उभे राहतो तसे घरच्या खर्चाकडे पाहिले पाहिजे.

लग्ने, वाढदिवस, पुण्यानुमोदन यांवरचा खर्च हाही त्या काट्यावर ठेवावा. जयंतीच्या वर्गणीची पावती घेऊन येणाऱ्यांत मीही असते, तेव्हा याबद्दल फार बोलत नाही. मात्र कर्ज काढून वर्गणी कोणी देऊ नये.

नाव कोणाचे?

आपल्या पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात स्तूप सापडला. त्याच्या दगडी कठड्यावर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली मिळाली. सांचीच्या स्तूपावर अशा शेकडो दानलेखांत स्त्रियांची नावे आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी त्या उपासिकांपाशी द्यायला धन होते आणि ते स्वतःच्या नावाने देण्याची मुभा होती.

आज २०१४ च्या जनधन योजनेपासून खाती पुष्कळ उघडली. पण २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये जमा होऊ लागले तेव्हा बँकेत ज्या रांगा लागल्या, त्यांत कितीतरी भगिनींना आपले आधार कोणत्या खात्याला जोडले आहे हे माहीत नव्हते. एटीएम कार्ड पतीच्या खिशात आणि पिन मुलाला पाठ. ज्या बाईला पगार आहे तिची स्थितीही काही ठिकाणी तीच आहे. संयुक्त खाते जरूर असावे, परंतु पगार स्वतःच्या खात्यात यावा, कार्ड स्वतःजवळ असावे आणि त्यातून ठरलेली रक्कम घरखर्चाच्या संयुक्त खात्यात जावी. वारसाचे नाव दोघांच्याही खात्यावर लावलेले असावे. हे काम एका फॉर्मचे आहे आणि तेच सर्वांत जास्त राहून जाते.

गटाच्या कर्जाबद्दल सावध राहावे. बाईच्या नावे कर्ज, आठवड्याचा हप्ता बाईकडे आणि घेतलेली मोटारसायकल नवऱ्याच्या नावे, अशी उदाहरणे गावोगावी आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमाप्रमाणे वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे सर्व कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. कंपनीचा माणूस हा नियम आपण होऊन सांगेलच असे नाही, म्हणून सही करण्यापूर्वी आपणच बेरीज करावी. तसेच बँकेतील ठेवीला २०२० पासून पाच लाखांपर्यंत विमा संरक्षण मिळाले, ते पतसंस्थेतील ठेवीला नाही. जास्त व्याजाच्या आशेने आयुष्याची पुंजी एका ठिकाणी ठेवणाऱ्यांनी हा फरक जाणून घ्यावा.

ती शिक्षिका भगिनी दोन महिन्यांनी पुन्हा आली. नोकरी सोडली का, असे मी विचारले नाही. तिने आवर्ती ठेवीचा फॉर्म मागितला, पाचशे रुपयांचा. वारसाच्या जागी मुलाचे नाव लिहिले आणि पालक म्हणून कोणाचे लिहू असे विचारले. मी म्हटले, तूच ठरव. थोडा विचार करून तिने सासूबाईंचे नाव लिहिले.

महाविद्यालयात जाणाऱ्या विद्यार्थी-विद्यार्थिनींनी एक करून पाहावे. दोन रेघांच्या साध्या वहीत एका महिन्याचा घरचा जमाखर्च आई आणि वडील दोघांनाही शेजारी बसवून लिहावा. आईच्या पगारातून काय वजा होते आणि वडिलांच्या पगारातून काय, हे वेगवेगळ्या रकान्यांत लिहावे. घरी आजी असेल आणि तिने कधी विडी वळली असेल, रोवणी केली असेल, तर तिला आठवडी किती पैसे मिळत आणि ते कोणाच्या हाती पडत, हेही त्याच वहीच्या शेवटच्या पानावर विचारून लिहून ठेवावे.